पेट स्कॅनमध्ये हाडावर ठिपका दिसलाय पण नक्की काय ते कळत नाही? मग हे एकेक करून बघा

रिपोर्टची पीडीएफ मोबाईलवर आली तेव्हा आम्ही डिचोलीच्या घरी जेवायला बसलो होतो आणि मी ती तिथेच, ताटावर, उघडली. हे करायला नको होतं. बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल तोवर सगळं माहीत झालं होतं, बायप्सी झालेली, ग्लिसन (बायप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा) ३+४, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ११, ऑपरेशन करायचं जवळजवळ ठरलेलं, फक्त बाहेर कुठे पसरलं नाही ना ते बघायला पीएसएमए पेट स्कॅन (औषध टोचून प्रोस्टेटचा कॅन्सर कुठे चमकतो ते दाखवणारा) केला होता. प्रोस्टेटच्या बाहेर सगळं स्वच्छ, लिम्फ नोड स्वच्छ, आणि मग एक ओळ: उजव्या सातव्या बरगडीत फोकल अपटेक, एसयूव्ही (किती चमकतंय त्याचा आकडा) ४.१, इक्विव्होकल, कोरिलेट क्लिनिकली. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, ‘हाडात गेलाय ना रे?’

त्या रात्री मी मेडिकल लाईनमधल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला हाडात म्हणजे स्टेज चार. सकाळपर्यंत हे सगळ्या नातेवाइकांत पोचलं होतं, आणि दुपारी आत्या विचारायला लागली की मग आता ऑपरेशन कशाला करताय. खरं म्हणजे रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर हाडात आहे’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते एवढंच की इथे काहीतरी चमकतंय आणि ते काय आहे हे या स्कॅनवरून सांगता येत नाही. या दोन गोष्टींत किती फरक आहे हे समजायला आम्हाला तीन आठवडे लागले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. जे लिहिलंय ते डॉक्टरांपुढे बसून, विचारून, वाचून समजलेलं आहे, आणि तुमच्या पेशंटचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर जाताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं हे आपल्या हातात असतं.

आधी रिपोर्टमधला नेमका शब्द बघा

रिपोर्टमध्ये दोन भाग असतात, वर ‘फाइंडिंग्ज’ आणि खाली ‘इम्प्रेशन’. आपण घाईत फक्त खालचं वाचतो. दोन्ही वाचा आणि हाडाबद्दल कुठला शब्द वापरलाय तो पेनाने अधोरेखित करा. ‘डीजनरेटिव्ह’ किंवा ‘बिनाइन’ असेल तर ती वयाची झीज किंवा निरुपद्रवी गोष्ट, तिथे घाबरायचं कारण नाही. ‘नॉन-स्पेसिफिक’, ‘इनडिटरमिनेट’, ‘इक्विव्होकल’ हे मधले शब्द, म्हणजे इकडेही असू शकतं तिकडेही असू शकतं. ‘सस्पिशस’ म्हणजे संशय बळकट आहे. आणि ‘कन्सिस्टंट विथ मेटास्टॅसिस’ (मेटास्टॅसिस म्हणजे कॅन्सर पसरून दुसरीकडे पोचलेला) म्हणजे वाचणाऱ्याला जवळपास खात्री आहे. काही सेंटर पीएसएमए-रॅड्स नावाचे ग्रेड देतात, १ ते ५, त्यात १ म्हणजे निरुपद्रवी आणि ५ म्हणजे जवळजवळ नक्की कॅन्सर, आणि हाडातल्या या अधल्यामधल्या ठिपक्यांसाठी ‘३बी’ असा वेगळा कप्पाच ठेवलेला आहे. त्यावरूनच समजा की ही गोष्ट किती नेहमीची आहे.

‘कोरिलेट क्लिनिकली’ हे शब्द लोक जागा भरायला लिहितात असं मला आधी वाटायचं, पण तसं नाही. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरने तुमचा माणूस बघितलेलाच नसतो, तो सांगतोय की पेशंटला विचारा, तपासा, जुनं काही आहे का बघा आणि मग याच्याशी जुळवा. म्हणजे ते एक काम दिलेलं आहे, आणि ते कोणीतरी करायला हवं.

एका कागदावर एवढं उतरवून काढा: कुठलं हाड आणि कुठली बाजू, एकच ठिपका की अनेक, एसयूव्ही किती, त्याच जागी सीटीवर काय दिसतंय, आणि जुन्या स्कॅनशी तुलना केलीय का. पेट-सीटी म्हणजे दोन स्कॅन एकावर एक ठेवलेले असतात, पेट कुठे चमकतंय ते सांगतो आणि सीटी तिथे हाड कसं आहे ते. आमच्या रिपोर्टमध्ये सीटीबद्दल एक अक्षर नव्हतं. असं असेल तर सेंटरला फोन करून नम्रपणे विचारा की त्या जागी सीटीवर काही बदल दिसतो का, आणि दिसत असेल तर रिपोर्टला अॅडेंडम म्हणजे पुरवणी जोडून द्या. यात त्यांना काही गैर वाटत नाही, उलट बरेचदा ते पुन्हा फिल्म उघडून बघतात.

कुठला स्कॅन होता आणि कुठलं औषध टोचलं

हा प्रश्न बहुतेक घरात कोणी विचारतच नाही आणि अर्धं उत्तर यातच असतं.

जुना बोन स्कॅन असेल तर त्यात टेक्नेशियम टोचतात आणि तो कॅन्सर दाखवतच नाही, हाड कुठे नव्याने बनतंय, दुरुस्त होतंय एवढंच दाखवतो. त्यामुळे गुडघ्याची झीज, मणक्याचा संधिवात, जुनं फ्रॅक्चर, दाताचं इन्फेक्शन, सगळंच त्यात काळं उमटतं. सत्तरीच्या माणसाच्या बोन स्कॅनमध्ये एखादा तरी ठिपका नसेल तरच नवल.

पीएसएमए पेट त्याहून पुष्कळ नेमका आहे. ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, प्रोपीएसएमए नावाचा, २०२० साली लॅन्सेटमध्ये छापून आला, त्यात पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के निघाली आणि सीटी व बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. अधांतरी निष्कर्षही पीएसएमएमध्ये ७ टक्के आणि जुन्या पद्धतीत २३ टक्के. पण ७ टक्के म्हणजे शून्य नाही, आणि त्या सातांत आपला माणूस असला की त्याला टक्केवारीचा काही उपयोग नसतो.

पीएसएमए हे एक प्रोटीन, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असतं म्हणून स्कॅनमध्ये पकडता येतं. पण ते फक्त तिथेच असतं असं नाही. जखम भरताना, हाड जुळताना जिथे नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात तिथेही ते थोडं असतं, म्हणून भरत आलेलं फ्रॅक्चर चमकतं, पॅजेट्स नावाचा हाडांचा आजार चमकतो, फायब्रस डिसप्लेसिया हा हाडाचा निरुपद्रवी विकार, मणक्यातला हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, झिजलेल्या मणक्याची कडा, हे सगळे चमकू शकतात.

आता औषधाचं. आपल्याकडे दोन जास्त चालतात, एक गॅलियम-६८ पीएसएमए-११ आणि दुसरं फ्लोरिन-१८ पीएसएमए-१००७. गॅलियमचा अर्धा जोर ६८ मिनिटांत संपतो, फ्लोरिनचा ११० मिनिटांत, त्यामुळे फ्लोरिनवालं लांबच्या गावी पाठवायला सोपं. शिवाय १००७ हे लघवीतून कमी आणि लिव्हरमधून जास्त बाहेर पडतं, त्यामुळे मूत्राशयाजवळचा भाग स्वच्छ दिसतो, हा मोठा फायदा. पण त्याची दुसरी बाजू अशी की १००७ मध्ये हाडांत, खास करून बरगड्यांत आणि कंबरेच्या हाडांत, उगाच चमकणारे फिके ठिपके बरेच जास्त दिसतात, ज्यांच्याखाली सीटीवर काहीच नसतं. न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, पण रिपोर्ट ज्या डॉक्टरच्या हातात पडतो त्याला दर वेळी आठवेलच असं नाही. म्हणून ट्रेसर, म्हणजे टोचलेलं औषध, कुठला होता ते रिपोर्टच्या सुरुवातीला ‘टेक्निक’ किंवा ‘प्रोसिजर’मध्ये शोधा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

एसयूव्हीच्या आकड्यावर मात्र अडकू नका. आम्ही दोन दिवस ४.१ म्हणजे जास्त की कमी हेच शोधत बसलो. आकडा फिका असेल तर शंका कमी होते, खूप मोठा असेल तर वाढते, पण मशीन, ट्रेसर, टोचल्यापासून किती वेळाने स्कॅन केला यावर तो बदलतो, आणि फक्त त्या आकड्यावर कोणी शहाणा डॉक्टर निकाल देत नाही.

माणसाला विचारा, नुसत्या कागदाला नको

आमच्याकडे सगळा उलगडा इथूनच झाला. स्कॅनच्या दिवशी सकाळी एक फॉर्म भरून घेतात, त्यात ‘मागच्या वर्षभरात पडलात का, मार लागलाय का’ असा प्रश्न होता आणि मी घाईत ‘नाही’वर खूण केली होती. आठ दिवसांनी आई सहज म्हणाली, अरे ते जुलैत पडले नव्हते का, साखळीहून येताना, पावसात खड्ड्यात स्कूटर घसरून. तेव्हा पंधरा दिवस उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं, एक्स-रे काढलाच नाही, बाम चोळला आणि विसरून गेले. स्कॅन जानेवारीतला. म्हणजे सहा महिने झालेली, जुळत आलेली बरगडी.

गोव्यात निम्मी माणसं दुचाकीवर असतात, कोण कुळागरात शेवाळावरून घसरतो, कोण माडावरून पडलेला असतो, कोणाला मागच्या वर्षी महिनाभर जोराचा खोकला झालेला असतो आणि नुसत्या खोकल्यानेही बरगडीला चीर जाते. म्हाताऱ्या माणसाला हे आठवत नाही, किंवा ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून तो सांगत नाही. तेव्हा घरातल्या बाईमाणसांना विचारा, त्यांना जास्त आठवतं. गेल्या दोन-तीन वर्षांतलं पडणं, फ्रॅक्चर, ऑपरेशन, छातीला दाबून दिलेला सीपीआर, सगळं तारखेसकट लिहा.

अजून तीन गोष्टी यात विचारायच्या. एक, पूर्वी कधी टीबी झालाय का, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे आणि तोही पीएसएमए पेटवर चमकल्याच्या नोंदी आहेत. दोन, व्हिटॅमिन डी किती आहे, ते फार कमी असेल तर हाडं मऊ होऊन बारीक चिरा पडतात आणि रक्तातला अल्कलाइन फॉस्फटेजही वाढतो, जो वाढलेला बघून लोक कॅन्सर हाडात गेला असं धरतात. तीन, त्या जागी दुखतं का, आणि दुखत असेल तर कसं. बोटाने दाबल्यावर नेमकं तिथेच दुखणं, वाकल्यावर दुखणं हे मार किंवा झिजेकडे जास्त झुकतं, रात्री झोपेतून उठवणारं आणि दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं याला गांभीर्याने घ्यायचं. अर्थात दुखत नाही म्हणून काही नाही असंही नसतं.

मुळात शक्यता किती होती?

एकच ठिपका दोन माणसांत वेगळा अर्थ सांगतो. पीएसए ७, ग्लिसन ६ असलेल्या माणसाच्या बरगडीत एक फिका ठिपका आला तर तो कॅन्सर असण्याची शक्यता फार थोडी, कारण तसला कॅन्सर हाडात जायला अजून खूप अवकाश असतो. तोच ठिपका पीएसए ६० आणि ग्लिसन ९ वाल्याच्या कंबरेच्या हाडात आला तर डॉक्टर तो सहजासहजी सोडणार नाहीत, सोडूही नये. साधारण हिशेब असा की पीएसए १० पर्यंत आणि ग्लिसन ६ म्हणजे कमी धोका, पीएसए १० ते २० किंवा ग्लिसन ७ म्हणजे मध्यम, आणि पीएसए २० च्या वर किंवा ग्लिसन ८ ते १० म्हणजे जास्त. आपला माणूस कुठल्या गटात बसतो ते डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या.

जागेलाही अर्थ आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी कंबरेची हाडं, माकडहाडाच्या वरचा भाग आणि मणके इथे जातो, कारण मणक्याभोवतीच्या शिरांचं एक जाळं आहे ज्यात झडपा नसतात आणि रक्त उलटसुलट वाहू शकतं. बॅटसन नावाच्या डॉक्टरने १९४० साली ते दाखवून दिलं, म्हणून त्याला बॅटसनचं जाळं म्हणतात. बाकी सगळं स्वच्छ असताना फक्त एका बरगडीत एकटा ठिपका, हे चित्र बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतं. अनेक ठिपके, मणक्यात आणि कंबरेत, लिम्फ नोडसुद्धा चमकताहेत, असं असेल तर ते वेगळं चित्र.

सीडी घ्या, जुनी फिल्म शोधा, मग दुसरं मत

नुसता छापील रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तो दुसऱ्याचं मत वाचून आपलं मत देणार, त्याला दुसरं मत म्हणता येणार नाही. स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह लागतो, त्यात सगळे काप असतात. सेंटर सोडतानाच मागून घ्या आणि घरी कॉम्प्युटरवर उघडते का बघा. आमची पहिली सीडी रिकामी निघाली आणि ते पणजीला डॉक्टरांसमोर बसल्यावर कळलं, एक अख्खा दिवस गेला आणि बाबांची आणखी एक रात्र बिनझोपेची गेली.

जुने स्कॅन याहून मोलाचे. चार वर्षांपूर्वी किडनी स्टोनसाठी पोटाचा सीटी केलेला असतो, कोविडमध्ये छातीचा सीटी झालेला असतो, आणि ते पाकीट कपाटावर धूळ खात पडलेलं असतं. हाडातला एखादा पांढरा डाग २०२० च्या कोविड सीटीमध्ये होता तसाच आजही असेल, तर तो प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो, कुठलीही नवीन तपासणी न करता. कोविडच्या सीटीमध्ये जवळजवळ सगळ्या बरगड्या आलेल्या असतात हे लक्षात ठेवा.

दुसरं मत घ्यायचं तर शक्यतो अशा ठिकाणी जिथे ट्यूमर बोर्ड बसतो, म्हणजे युरॉलॉजिस्ट, रेडिएशनचे डॉक्टर, ऑन्कोलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारे एकत्र बसून केस बघतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये विचारा, नाहीतर अनेकजण रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जातात. पण जायच्या आधी एक लक्षात घ्या, टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या सेवेतून कागद अपलोड करून ऑनलाइनसुद्धा मागता येतं, म्हाताऱ्या माणसाला बाराशे किलोमीटरची जाऊन-येऊन दगदग करण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे. आणि कुठलीही पुढची तपासणी करण्याआधी ती गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर किंवा तुमच्या मेडिक्लेममध्ये बसते का हे काउंटरवर विचारून घ्या, नंतर परत मिळवणं कठीण जातं.

आता हाड नीट बघायचं: सीटी की एमआरआय?

पेटबरोबरचा सीटी बरेचदा कमी डोसचा आणि जाड कापांचा असतो, त्यात बारीक चीर दिसत नाही. बरगडीसाठी त्या भागाचा पातळ कापांचा सीटी चांगला, त्यात फ्रॅक्चरची रेघ आणि भोवती जमलेलं नवीन हाड दिसतं. बाबांचं तेच दिसलं. एमआरआय बरगडीला तेवढा उपयोगी पडत नाही, श्वासाबरोबर बरगडी हलत असते.

मणका आणि कंबरेच्या हाडासाठी मात्र एमआरआयच. त्यामागचं कारण समजलं की रिपोर्ट वाचायला सोपं जातं. म्हाताऱ्या माणसाच्या हाडाच्या आत मज्जेत चरबी असते आणि ‘टी-१’ नावाच्या चित्रात ती पांढरी दिसते. कॅन्सर त्या चरबीची जागा घेतो म्हणून तिथे काळं पडतं. ठिपक्यात चरबी शिल्लक दिसली तर तो निरुपद्रवी असण्याकडे कल. हिमँजिओमामध्ये चरबी असते म्हणून तो टी-१ मध्ये पांढरा, आणि सीटीवर त्याचे जाड झालेले उभे खांब ठिपक्याठिपक्यांसारखे दिसतात, वाचणाऱ्याला चटकन ओळखता येतो. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर एमआरआयच्या आधी सांगायचं.

सीटीवर हाडात एक पांढरा घट्ट डाग असेल तर अजून एक गोष्ट. प्रोस्टेटचे मेटास्टॅसिस हाड घट्ट करतात, पांढरे दिसतात, आणि ‘बोन आयलंड’ म्हणजे जन्मभर हाडात असलेलं एक निरुपद्रवी घट्ट बेटही पांढरंच दिसतं. फरक घनतेत. २०१६ च्या एका अभ्यासात सरासरी ८८५ हाउन्सफिल्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं माप) किंवा कमाल १०६० च्या वर असेल तर ते बोन आयलंड असण्याची शक्यता जास्त असं मांडलं गेलं. हा आकडा काढायला वाचणाऱ्या डॉक्टरला एक मिनिट लागतं, तेव्हा विचारायला संकोच करू नका. मात्र उपचार झालेल्या माणसात मेटास्टॅसिस बरं होतानाही असंच दगडासारखं घट्ट होतं, त्यामुळे हा आकडा उपचाराआधीच्या स्कॅनला जास्त लागू.

बायप्सी करायची का

डॉक्टरांना आधी एकच प्रश्न विचारा: उत्तर हो आलं तर तुम्ही काय करणार आणि नाही आलं तर काय करणार? दोन्हीत उपचार तोच असेल तर सुई टोचायची गरज नाही. ऑपरेशन करायचं की नाही, रेडिएशन कुठपर्यंत द्यायचं, हे त्या एका ठिपक्यावर अडलं असेल तर मात्र बायप्सी हाच सरळ रस्ता.

सीटीत बघत बघत सुई घालतात, जागा बधिर करून. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं काहीही चालू असेल तर ते आधी सांगायचं आणि कधी बंद करायचं ते त्यांनाच ठरवू द्यायचं. बरगडीला लागून फुप्फुस असतं म्हणून तिथे हवा शिरण्याचा धोका, त्यामुळे बरगडीची बायप्सी डॉक्टर टाळायला बघतात. घट्ट हाडातून तुकडा नीट निघत नाही, आणि निघाला तरी तो आधी आम्लात मऊ करावा लागतो म्हणून रिपोर्टला वेळ लागतो. आणि हे नक्की ऐका: बायप्सीत कॅन्सर दिसला तर तो आहे, पण दिसला नाही म्हणजे नसेलच असं नाही, सुई बाजूला लागलेली असू शकते. रिपोर्टमध्ये ‘पुरेसा नमुना’ होता का ते बघा.

हार्मोनच्या इंजेक्शनाची घाई

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. ‘हाडात गेलंय बहुतेक, इंजेक्शन सुरू करून टाकू’ असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं गेलं होतं आणि आम्ही ते जवळजवळ घेऊन आलो होतो. हे इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन पाडतं, कॅन्सर कुठेही असला तरी तो दबतो, पीएसए धाडकन खाली येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण मग तो ठिपका काय होता हे कळायची वाट बंद होते. पीएसए उतरला म्हणजे बरगडीतही कॅन्सर होता असं सिद्ध होत नाही आणि नव्हता असंही होत नाही. स्कॅनवरचं चमकणंही या औषधाने बदलतं, सुरुवातीला वाढू शकतं, पुढे कमी होतं. आणि त्या माणसाच्या फाईलवर ‘स्टेज चार’ लिहिलं जातं, ते पुढे कोणी खोडत नाही.

म्हणून विचारा: ठिपक्याचा निकाल लागेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबलं तर चालेल का? बहुतेक वेळा चालतं. ज्यांचा कॅन्सर जास्त धोक्याचा आहे आणि रेडिएशनबरोबर हार्मोन घ्यायचंच आहे त्यांची गोष्ट वेगळी. आणि चालू असलेलं इंजेक्शन माझं हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

नुसतं ऑपरेशन झालं, हार्मोन दिलं नाही, तर नंतरचा पीएसए फार बोलका असतो. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए ०.१ च्या खाली, जवळजवळ नाहीसा व्हायला पाहिजे. बरगडीत खरंच कॅन्सर असता तर तो पीएसए बनवत राहिला असता. एकट्या रेडिएशननंतर पीएसए सावकाश उतरतो, महिनोन्महिने, तिथे धीर लागतो.

काही ठिपक्यांचं मात्र एवढं सगळं करूनही ठरत नाही, मग डॉक्टर ठरलेला उपचार करून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगतात. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच ट्रेसरने करा, नाहीतर तुलना जमत नाही.

उपचार सुरू झाल्यावर नवे ठिपके दिसले तर

औषध लागू पडत असताना हाड भरून यायला लागतं आणि बोन स्कॅन पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट जास्त काळा दिसतो. याला फ्लेअर म्हणतात. म्हणूनच पहिल्या स्कॅनमध्ये दोन किंवा जास्त नवे ठिपके दिसले तरी लगेच आजार वाढला असं धरत नाहीत, किमान सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात आणि तेव्हा आणखी दोन नवे आले तरच वाढ धरतात. पीएसए खाली, माणसाला बरं वाटतंय आणि फक्त स्कॅन बिघडलेला, तर हा प्रश्न जरूर काढा. शिवाय हार्मोनमुळे हाडं ठिसूळ होतात, मणका दबून चेपला तर तोही चमकतो, तेव्हा डेक्सा म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी आणि व्हिटॅमिन डी वेळेवर बघून घ्यायचं.

आणि जिथे थांबायचंच नाही

वर सगळं मी धीर धरा म्हणून लिहिलंय पण उलटी चूकही होते. आमच्या ओळखीच्या एका काकांची पाठ दुखत होती, ग्लिसन ९ होता, तरी ‘वयामुळे झीज’ म्हणून चार महिने शेकत बसले, आणि तो खरोखरच मणक्यातला कॅन्सर होता. प्रोस्टेट कॅन्सरच्या माणसाला पाठदुखी अचानक वाढली, पाय जड पडायला लागले, चालताना लटपटायला लागला, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा संडासावरचा ताबा गेला, तर मणक्यातली नस दबत असू शकते. त्या दिवशी ओपीडीचा नंबर लावायचा नाही, १०८ ला फोन करून थेट कॅज्युअल्टीला न्यायचं आणि ‘प्रोस्टेट कॅन्सर आहे, पाय कमजोर झालेत’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय व्हायला हवा. उशीर झाला तर गेलेली ताकद बरेचदा परत येत नाही.

घरात काय सांगायचं

रिपोर्ट मोबाईलवर येतो आणि वाचणारा मुलगा असतो, पेशंट समोर बसलेला असतो. आम्ही नंतर असं ठरवलं की रिपोर्ट डॉक्टरांसमोरच उघडायचा, आणि बाबांना काही लपवायचं नाही. मी त्यांना सांगितलं की बरगडीत एक ठिपका आहे, तो तुमच्या त्या पडण्याचा असू शकतो, कॅन्सरचाही असू शकतो, पुढच्या मंगळवारी सीटी आहे. त्यांना त्या दिवशी झोप लागली. नातेवाइकांना एकानेच सांगायचं, एकच वाक्य: तपासणी चालू आहे, निकाल आला की कळवतो.

बाबांचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, मेच्या सुरुवातीला केलेला पीएसए ०.०२ आला. त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता मी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय, पुढचा स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरसाठी: उजवी सातवी बरगडी, जुनं फ्रॅक्चर, जुलैत स्कूटरवरून पडले, पातळ सीटी जोडलेला आहे.